जपानी फुली आणि काठीचं रबर

माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर असला की आमचे हे चार हात लांब बसतात. एकदा मी तो फेकला होता, त्याची ही शिक्षा. तसा त्यांच्यावर नव्हता फेकला, भिंतीवर फेकला होता, आणि हे नेमके त्याच वेळी चहा घेऊन आत आले. तेव्हापासून दुकानात कुणी नवीन माणूस आला की ही गोष्ट त्याला ऐकवली जाते. मी गप्प ऐकून घेते, कारण तो स्क्रूड्रायव्हर फेकण्याच्याच लायकीचा होता.

बारामतीत आमचं चष्म्याचं दुकान आहे. डोळे तपासून नंबर काढायचा तो ह्यांनी, आणि फ्रेमचं सगळं माझ्याकडे. दांडी निखळली, नाकावरची गादी गेली, स्क्रू पडून हरवला की माणसं थेट माझ्या टेबलाशी येतात. बारीक कामाची मला पहिल्यापासून खोडच आहे. त्यातून गेल्या काही वर्षांत जुन्या कॅमेऱ्यांच्या लेन्स उघडायचा नाद लागला. जुन्या बाजारात भंगाराच्या भावात मिळायच्या. आणायच्या, उघडायच्या, पुसायच्या, पुन्हा बसवायच्या. खरं सांगायचं तर बसवताना दर वेळी एखादा स्क्रू उरायचाच. ह्यांनी त्या उरलेल्या स्क्रूंसाठी एक डबी आणली आणि तिच्यावर चिठ्ठी चिकटवली, ‘प्रसाद’. तेव्हा मला हसू आलं होतं. पुढं त्याच डबीनं माझं डोकं फिरवलं.

तात्या दुकानात आले ते भाद्रपदात. माझं माहेर इंदापूरचं, आणि तात्यांचा फोटो स्टुडिओ आमच्या आळीच्या तोंडावर. माझ्या लग्नाचे फोटो त्यांनीच काढलेले. स्टुडिओ बंद होऊन पुष्कळ वर्षं झाली, वय आता ऐंशीच्या घरात. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून घेतले होते आणि वाचायचा चष्मा करायला ते एसटीनं एकटेच आले होते. ह्यांनी नंबर काढला. मी फ्रेमचा स्क्रू आवळत होते आणि तात्या माझ्या बोटांकडं बघत बसले होते.

“पोरी, तुझा हात हलत न्हाय,” ते म्हणाले.

“हलला तर गिऱ्हाइकाच्या नाकावर येईल, तात्या.”

ते हसले नाहीत. कापडी पिशवीतून त्यांनी आधी कॅमेरा काढला, मग फडक्यात गुंडाळलेली त्याची लेन्स काढून माझ्यापुढं ठेवली. जपानी बनावटीची, सगळी धातूची, मुठीत मावेल एवढी, पण हाताला वजन लागत होतं. मी फोकसचं कडं फिरवून पाहिलं. जाम. केसभरही हलेना. उजेडाला धरली तर आतल्या भिंगावर बुरशीचे पांढरे धागे पसरलेले.

“हिच्यावर मी सगळा तालुका काढला,” तात्या म्हणाले. “लग्नं, बारशी, दहावीची पोरं, नवा ट्रॅक्टर आणला की ट्रॅक्टरसकट मालक. नरसिंहपूरला संगमावर आलेली माणसं काढली. एक माणूस तेवढं राह्यलं.”

“कोण?”

“तुझी काकू.”

मला आधी खरंच वाटेना. पण ते सांगत गेले तसं पटलं. लग्न होऊन आल्यावर काकू स्टुडिओच्या मागच्या खोलीत ब्लाऊज शिवायच्या. तात्यांनी पडदा लावून त्यांना बसवलं की दारात गिऱ्हाईक उभं. आधी गिऱ्हाईक, मग तू, असं करत वर्षं गेली. मग काकूच हट्टाला पेटल्या. नातवंडांच्या मोबाईलमध्येही येईनात. म्हणे, मोबाईलमधी माझं नाक तेवढं येतं, मी येत न्हाय. आणि आता तात्यांना डोळे परत मिळाल्यावर त्यांनी पुन्हा विषय काढला, तेव्हा काकूंनी अट घातली होती.

“म्हनली, खंडेनवमीला मी दर साली कॅमेऱ्याची पूजा करते. तुमची लेन्स चालली तर त्याच दिवशी शालू नेसून बसंन. न्हाय चालली तर परत नाव काढायचं न्हाय.” तात्यांनी काठी दोन्ही हातांनी धरली. “आन् ती शब्दाची लई पक्की हाय, बरं का.”

“मग दुसरी लेन्स मिळते की, तात्या. ह्याच कॅमेऱ्याला बसणारी मी शोधून देते.”

“हिच्यासमोर न बसलेली तालुक्यात ती एकटीच हाय, पोरी. दुसरी घेऊन मी काय करू?”

मी विचारलं, जाम कशानं झाली? तर तात्यांचा पारा चढला. चाळीसेक वर्षांपूर्वी त्यांनी ती पुण्यातल्या कुणा कारागिराकडून साफ करून घेतली होती. त्यानंतर कडं जड होत होत एक दिवस धरलं ते धरलंच. “त्याच्या हाताला काय रोग झाला हुता देव जाणे,” तात्या म्हणाले आणि त्या अनोळखी माणसाला त्यांनी अशा शिव्या घातल्या की दुकानातल्या दोन बायका उठून फ्रेमा बघायला पलीकडं गेल्या.

मी लेन्स हातात घेतली. समोरून ह्यांनी डोळे मोठे केले आणि हळूच ‘प्रसाद’च्या डबीकडं बोट दाखवलं. झालं. माझी अशी तळपायाची आग मस्तकात गेली म्हणता! “खंडेनवमीच्या आत देते, तात्या,” मी मोठ्यानं म्हणाले. “नाही दिली तर दुकानाची पाटी उतरवते.” पाटीवर नाव ह्यांचं आहे, हे मला बोलून झाल्यावर आठवलं.

हातात तीन आठवडे होते.

लेन्सचं सगळ्यात पुढचं कडं, ज्यावर कंपनीचं नाव कोरलेलं असतं, ते स्क्रूनं धरलेलं नसतं. त्याला खाचही नसते. त्याच्यावर रबर दाबायचं आणि फिरवायचं, तरच ते सुटतं. रबर बरोब्बर त्या मापाचं पाहिजे, मधल्या भिंगाला लागता कामा नये. तात्यांच्या समोरच माझ्याकडची बुचं लावून पाहिली, कुठलंच जमेना. आणि मग माझी नजर तात्यांच्या काठीच्या टोकावर गेली.

“तात्या, काठी द्या.”

“का गं?”

मी काठीचा रबरी बूट ओढून काढला, धुतला, पुसला, लेन्सवर उलटा धरला. आत पोकळ, कडेनं जाड, जणू ह्याच कामाला केलेला. दाब दिला, फिरवलं, आणि चाळीसेक वर्षं न हललेलं कडं सुर्रकन फिरलं. तात्यांचं तोंड उघडंच राहिलं. लेन्सबरोबर कॅमेरा आणि रबरही मी ठेवून घेतलं. ह्यांनी बिचाऱ्यांनी मेडिकलमधून दुसरं आणून काठीला बसवलं आणि त्यांना इंदापूरच्या गाडीत बसवून दिलं.

पहिला डाव जिंकला की माणूस जरा फुगतंच. दुसऱ्या दिवशी दुपारी मी लेन्सच्या मागच्या बाजूचे स्क्रू घेतले. पाच स्क्रू, फुलीचे, चष्म्याच्या स्क्रूपेक्षा थोडे मोठे. दुकानातल्या सेटमधला मापाचा प्लस स्क्रूड्रायव्हर घेतला. पहिला सुटला. दुसऱ्याला पीळ दिला तर टोक वर उसळलं. पुन्हा दाबलं, पुन्हा उसळलं. तिसऱ्यांदा बघते तर फुलीच्या कडा गुळगुळीत व्हायला लागलेल्या! तात्यांची लेन्स, काकूंची अट, माझी पाटी, सगळं डोळ्यांपुढं आलं. मग तो भिंतीचा प्रसंग घडला आणि हे चहा घेऊन आत आले.

चहा सांडला होता, पण माणूस मोठ्या मनाचं. “रविवारी लासुर्ण्याला जायचंय मला, गाडी दाखवायला. येतेस का? डोकं शांत होईल,” म्हणाले.

ह्यांच्याकडं एक जुनी जपानी मोटरसायकल आहे, दोन ठोक्यांची, टू-स्ट्रोक. तिचा आवाज येतो बारामतीत आणि धूर जातो वालचंदनगरपर्यंत. तिला हात लावणारा एकच मिस्त्री उरलाय, लासुर्ण्याला. आम्ही पोचलो तेव्हा तो कुणाच्या तरी गाडीचा कार्बोरेटर मांडीवर घेऊन बडबडत होता. “बघा वहिनी, ह्या लोकांचे उद्योग. आपला प्लस घालून जपानी स्क्रू खोलत्यात. वाटोळं केलं पार.”

मी ऐकून सरळच झाले. “आपला प्लस आणि जपानी प्लस वेगळा असतो का?”

“म्हंजे काय!” त्यानं दोन स्क्रू माझ्या तळहातावर ठेवले. “लांबून दोनी सारखेच. पण आपल्या स्क्रूड्रायव्हरचं टोक लांब. जपानी फुलीत ते आधी तळाला टेकतं आन् कडा भिडतच न्हाईत. मग पीळ दिला की वर येतं. टोक केसभर उतरवायचं, म्हंजे कडा बसत्यात. पण ग्राइंडरला लावू नका, वहिनी. तापलं की पोलादाचं पाणी उतरतं, मऊ पडतं. दगडावर घासा, हातानं.”

तीस वर्षं चष्म्याचे स्क्रू आवळतेय मी, आणि फुली-फुलीत फरक असतो हे मला ऊसवाल्या गावातल्या मोटरसायकलच्या मिस्त्रीनं सांगावं! लाज वाटली, आणि त्याहून जास्त आनंद झाला. त्यानं आणखी दोन गोष्टी सांगितल्या. दाब बारा आणे, फिरवणं चार आणे. आणि, “काय बी खोलायच्या आधी खूण करायची. दोन भाग जिथं मिळत्यात तिथं आडवी रेघ. ह्या भागातला कुठला बी पंप खोला, त्याच्यावर पंच ठोकून केलेली खूण असतीच. खूण न करता खोलतो तो मिस्त्री न्हवं.”

घरी आल्यावर काचेच्या कडा घासायचा आमचा बारीक दगड घेतला, त्यावर तेलाचा थेंब टाकला आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक घासत बसले. दोन घासण्या, भिंगातून पाहणं. पुन्हा दोन घासण्या. मिस्त्रीकडून आणलेल्या नव्या जपानी स्क्रूत बसवून बघायचं, उलटं केलं तरी स्क्रू पडला नाही पाहिजे. एका क्षणी तो पडला नाही. तेच टोक लेन्सच्या स्क्रूत घातलं तर असं बसलं की हाताला कळलं, आता उसळायचं नाही. गुळगुळीत झालेल्या स्क्रूच्या डोक्याला सोल्डरिंगची गरम सळई क्षणभर टेकवली, म्हणजे स्क्रू हलू नये म्हणून आत लावलेला जुना रंग सैल होतो, मग बारा आणे दाब आणि चार आणे पीळ. कट् आवाज झाला. पाचही स्क्रू बाहेर! मी ह्यांना हाक मारली. हे दारातूनच म्हणाले, “फेकणार नसशील तर येतो.”

आतलं भिंग ज्या कड्यानं धरलेलं असतं, त्याला समोरासमोर दोन बारीक खाचा असतात. हे म्हणाले, कंपासपेटीतला कंपास घे की, दोन टोकं आहेत. मी म्हटलं, आणि एक टोक घसरून भिंगावर रेघ ओढली तर ती काय काकूंच्या गालावर दाखवायची? त्याऐवजी माप घ्यायचा जुना व्हर्निअर घेतला. त्याची वरची दोन टोकं दगडावर घासून खाचेच्या रुंदीची केली. त्याचा फायदा असा की माप लावलं की स्क्रू आवळून टाकता येतो, मग टोकं सरकत नाहीत. कडं सुटलं, भिंग चिमट्यानं उचललं, औषधानं आणि स्पिरिटनं पुसलं. बुरशी गेली. भिंग इतकं स्वच्छ झालं की टेबलावर ठेवल्यावर मला शोधावं लागलं. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात गाणं म्हणत होते, असा ह्यांचा आरोप आहे.

आता राहिले ते फोकसचे आटे. जाम झालेली जागा हीच. रोज थोडं लायटरचं पेट्रोल सोडत गेले, चौथ्या दिवशी कडं कुरकुरत हललं. फिरवत गेले आणि आट्यांतून काहीतरी बाहेर यायला लागलं. ग्रीस जुनं झालं की काळं किंवा हिरवट होतं, मी पाहिलेलं आहे. हे लाल होतं. मध्येच पिवळं. सुईनं थोडं काढून बोटावर घेतलं, चोळलं, वास घेतला. शिलाई मशिनचं तेल. आणि रंग? तो तर कुठलीही बाई ओळखेल. हळदकुंकू!

खंडेनवमीला मी दर साली कॅमेऱ्याची पूजा करते. काकूंचं वाक्य कानात वाजलं. दर साली चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू, आणि मशिनीला घालतात तसा तेलाचा एक थेंब. चाळीसएक वर्षं. त्याचा लगदा होऊन आट्यांत बसला होता. आणि तात्या तिकडं पुण्याच्या कारागिराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते! मला एकदम हसू आलं. हे तात्यांना सांगायचं? काकूंना कळलं तर? डोक्यात हेच चालू होतं आणि हात आपले फिरवत होते. फिरवत होते, फिरवत होते, आणि दोन्ही भाग टक्कन वेगळे होऊन माझ्या दोन हातांत आले.

खूण केली नव्हती.

ह्याचा अर्थ नीट सांगायला हवा. बरणीच्या झाकणाला आटा एकच असतो, कसंही लावा, बसतं. लेन्सच्या फोकसला तशी अनेक तोंडं असतात. माझ्या हातातल्या लेन्सला सहा होती, आणि असे आटे आत-बाहेर दोन ठिकाणी. कुठल्याही तोंडातून घातलं तरी आत जातं, छान फिरतं, सगळं झकास वाटतं. पण एकच जोडी खरी. बाकी कुठल्याही जोडीवर लांबचं माणूस धूसर, नाहीतर जवळचं धूसर. सहा सक छत्तीस जागा, आणि खूण न करता खोलतो तो मिस्त्री न्हवं. मी डोक्याला हात लावून बसले. रडले, खोटं कशाला सांगू. माझ्या पाटीचं काही वाटलं नाही. पन्नास वर्षं जी बाई गिऱ्हाइकांच्या मागं थांबली, तिला आता माझ्या वेंधळेपणामुळं थांबावं लागणार, याचं रडू होतं. हे आले, सगळं ऐकून घेतलं, ‘प्रसाद’ची डबी उचलली आणि कपाटात आत ठेवून दिली. त्या माणसाला कधी चेष्टा करायची नाही हे कळतं.

खंडेनवमीला दहा दिवस राहिले होते. दुकान दुपारी दोन ते चार बंद असतं. मी रोज त्या दोन तासांत गच्चीवर जाऊन बसायला लागले. आमच्या गच्चीवरून लांब उसाच्या पलीकडं साखर कारखान्याचं धुराडं दिसतं. गाळप सुरू झालेलं नव्हतं, त्यामुळं धूर नाही, कडा स्वच्छ. लांबचा फोकस तपासायला त्याहून चांगलं काय? आटे सुईनं आणि ब्रशनं धुऊन काढले होते, कुरिअरनं मागवलेलं लेन्सचं खास ग्रीस बोटानं पुसटसं लावलं होतं. सायकलचं ग्रीस उन्हात पातळ होऊन भिंगावर चढतं, ते नको होतं. एकेक जोडी लावायची, स्क्रू आवळायचे, लेन्स तात्यांच्या कॅमेऱ्याला चढवायची. कॅमेऱ्याचं मागचं दार उघडून फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपर चिकटवलेला. त्यावर धुराडं उमटतं, उलटं. डोक्यावर पदर आणि त्यावर ह्यांचा शर्ट घेऊन मी भिंगातून बघायची. धूसर. वहीत फुली मारायची. पुन्हा खोलायचं, आणि आता मात्र दर वेळी आधी खूण.

रोज तीन, फार तर चार जोड्या व्हायच्या. शेजारच्या गच्चीवर वाळवणाला येणारी बाई पहिल्या दिवशी म्हणाली, काय करताय? पाचव्या दिवशी म्हणाली, अजून? आठव्या दिवशी तिनं काही न विचारता ताकाचा तांब्या कठड्यावर ठेवला. तात्यांचा मधे फोन आला. “चाललंय का पोरी?” मी म्हटलं, “चाललंय.” “काकूनं शालू हवेवर टाकलाय,” ते म्हणाले. मी फोन ठेवला आणि परत गच्चीवर गेले.

एकोणतिसावी जोडी. लेन्स चढवली, कडं शेवटपर्यंत फिरवलं, ट्रेसिंग पेपरवर भिंग टेकवलं. धुराड्याची कड दिसली, धारदार. मग कडेची लोखंडी शिडी दिसली. मग शिडीच्या पायऱ्या. मी एक पायरी मोजली, दुसरी मोजली, आणि पुढचं मला आठवत नाही, कारण मी ओरडत होते. “मिळालं! अहो, मिळालं! शिडी दिसतेय!” शेजारची बाई घाबरून म्हणाली, “कुणाची शिडी?” हे धापा टाकत वर आले, शर्टाखाली डोकं घातलं, बराच वेळ बाहेरच आले नाहीत. मग म्हणाले, “तुझी पाटी वाचली.” मी म्हटलं, “तुमची. नाव तुमचं आहे तिच्यावर.”

खंडेनवमीला आम्ही त्याच जपानी गाडीवरून इंदापूरला गेलो. मांडीवर लेन्स आणि कॅमेरा, पिशवीत माझी हत्यारं, न जाणो एखादा स्क्रू आयत्या वेळी रुसला तर. तात्यांनी अंगणात खुर्ची मांडली होती, मागं पांढरी चादर बांधली होती. पाटावर कॅमेरा ठेवला, मी लेन्स चढवली. त्यांनी कडं दोन बोटांनी धरलं, हलकेच फिरवलं. या टोकाकडून त्या टोकाला, परत या टोकाला. नुसतं फिरवत राहिले. मग कॅमेरा तिपाईवर चढवला आणि खुर्चीकडं तोंड करून डोळा लावून बसले.

काकू बाहेर आल्या. शालू मोरपंखी, नाकात नथ. हातात पूजेचं ताट. आणि ताटात झेंडूच्या शेजारी शिलाई मशिनच्या तेलाची छोटी बाटली. त्या सरळ कॅमेऱ्याकडं निघाल्या, चिमटीत कुंकू घेतलं.

“काकू, थांबा!” मी इतक्या जोरात ओरडले की ह्यांनी सवयीनं मान खाली घातली. “लेन्सला नका लावू!”

“का गं? खंडेनवमी हाय.”

दहा दिवस मी ठरवत होते की सांगायचं नाही. पण आता दुसरं काय करणार होते? सांगितलं. जाम कशानं झाली होती, आट्यांतून काय निघालं, सगळं. काकूंची चिमूट तशीच हवेत राहिली.

“म्हंजे मीच,” त्या म्हणाल्या. “दर साली. ह्यांनी त्या बिचाऱ्या पुण्याच्या मानसाला शिव्या दिल्या, आन् मी इकडं…” त्यांनी चिमटीतलं कुंकू परत ताटात टाकलं. “न्हाय काढायचा मला फोटो. मला तोंड दाखवायला जागा ठिवली न्हाय माझीच मी.” आणि त्या घराकडं वळल्या.

एकोणतीस जोड्या, शिडी, सगळं जमवून मीच माझ्या तोंडानं घालवलं!

“अगं ए,” तात्या म्हणाले. कॅमेऱ्यामागूनच म्हणाले, उठलेही नाहीत. “तू कुंकू लावत हुतीस म्हनून स्टुडिओ चालला. मला कवा म्हनलीस का, माझी बी पूजा करा म्हनून? पूजा करायचीच हाय तर आज ज्येनं काम झालं त्येची कर. पोरी, काढ तुझी हत्यारं. मांड पाटावर.”

मी पिशवी उघडली. घासलेला स्क्रूड्रायव्हर मांडला. व्हर्निअर मांडला, चिमटा, दगड. शेवटी काठीचा काळा रबरी बूट मांडला. काकू पाटापर्यंत परत आल्या, वाकून पाहू लागल्या. डोळे अजून भरलेले होते.

“ह्ये काय?”

“माझ्या काठीचा बूट,” तात्या म्हणाले.

“ह्येची बी पूजा?”

“ह्येची आधी! पैलं कडं त्येनंच खोललं.”

काकूंनी एकदा त्या बुटाकडं पाहिलं, एकदा तात्यांच्या काठीकडं पाहिलं. मग खुर्चीत बसल्या, ताट मांडीवर घेतलं, रबर उचललं आणि त्याच्यावर कुंकवाचा असा भला मोठा टिळा लावला, आणि लावता लावता त्यांना हसू फुटलं. नुसतं गालातलं नव्हे, नथ हलवणारं, खांदे हलवणारं हसू. खटक.

“काढला?” काकू दचकल्या. “अवो, पदर तरी नीट घिऊ द्यायचा!”

“पन्नास वर्षं पदर नीट करायला दिली तुला,” तात्या म्हणाले. “काढला.”

उरलेली फिल्म त्यांनी सगळी काकूंवरच संपवली. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीला, व्हर्निअरला, चिमट्याला काकूंनी हळदकुंकू लावलं, दगडावर फूल वाहिलं. शिलाई मशिनच्या तेलाची बाटली मी गुपचूप ह्यांच्या खिशात घातली.

पंधरा दिवसांनी तात्या पुन्हा एसटीनं आले. फिल्म त्यांनी घरच्या न्हाणीघरात धुतली होती, फोटोही तिथंच कागदावर उठवले होते. पाकिटातून त्यांनी एकच फोटो काढून माझ्या टेबलावर ठेवला. पहिलाच, काठीच्या बुटाला टिळा लावणारा. शालूच्या काठाची वेल मोजून घ्यावी अशी उमटलेली, नथीचा मोती न् मोती वेगळा, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यात सुकायचं राहिलेलं पाणी. मी भिंग घेऊन बघितलं. कुठंही धूसर नव्हतं.

“काकू काय म्हणाल्या?”

“म्हनली, नाक बरं आलंय.”

तात्यांच्या स्टुडिओचा एक निळा शिक्का होता. त्यांनी काढलेल्या प्रत्येक फोटोच्या पाठीवर तो असायचा, माझ्या लग्नाच्या फोटोंवरही आहे. मी हा फोटो उलटा करून पाहिला. पाठ कोरी होती.

“तात्या, शिक्का मारायचा राहिला.”

“राह्यला न्हाय. त्यो गिऱ्हाइकाला मारायचा असतो,” तात्या म्हणाले आणि फोटो उचलून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला. “ही गिऱ्हाईक न्हवं.”

तो स्क्रूड्रायव्हर आता माझ्या टेबलावर कायम समोर असतो. मुठीवरचं काकूंचं कुंकू मी पुसलेलं नाही. टोक मात्र दर वेळी पुसून घेते.